दोन दिसांचं पाणी

बायको मालू गेल्यापासून भरमूनं मोटेवर गाणं म्हटलं नव्हतं. ती आश्विनात गेली. आता चैत्र लागला होता, तरी बैलांना मुक्या मोटेची सवय झाली नव्हती.

विहिरीपासून खाली जाणारी उताराची वाट, म्हणजे धाव, बैल बरोबर उतरत. भरमू मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसे, भरलेली मोट कुरकुरत वर येई आणि काठावरच्या थारोळ्यात ओतली जाई. अवघड होतं ते पुढचं. बैलांना पाठमोरं चढवून पुन्हा विहिरीपर्यंत न्यायचं. पूर्वी गाण्याची दुसरी ओळ सुरू झाली की जोडी आपणहून मागं सरायची. आता दोघं तळाशी उभे राहून कान हलवत. भरमू कासरा ओढायचा, जिभेनं चकचक करायचा, खांद्यानं त्यांना रेटायचा. दुपारपर्यंत तळहाताला फोड यायचे. पूर्वी दिवसात बारा सऱ्या भिजत, आता आठ होत नव्हत्या.

"मामा, पानी तुटलं," राजाबाई उसातून हाक मारायची.

राजाबाई भरमूची सून. हातात खोरं घेऊन ती एकेका सरीचं तोंड उघडायची, पाणी भरलं की चिखलानं बंद करायची. हे काम आधी मालूचं होतं. राजाबाईचा नवरा परशराम बेळगावात पलटणीत भरती होऊन लढाईवर गेला होता. समुद्राच्या पल्याड कुठल्या तरी डोंगरात आहे, एवढंच घरात ठाऊक होतं. मार्गशीर्षात शेवटचं पत्र आलं होतं.

अर्धा एकर ऊस होता. वरच्या अंगाला हिरवा, गुडघ्याएवढा. खालच्या अंगाला पिवळा पडत चाललेला, पानांची टोकं जळालेली. तिथवर पाणी पोचतच नव्हतं. विहीर सामाईक, भरमूची आणि त्याचा चुलतभाऊ आण्णाप्पा याची. मोट एकच चालायची. आठ दिवसांतले चार दिवस याचे, चार त्याचे, ही आज्यापासूनची वाटणी. पण गेली दोन वर्षं भरमू दोनच दिवस मोट धरत होता आणि आण्णाप्पा सहा.

त्या दिवशी भरमूनं तिसऱ्या सकाळीही बैल जुंपले.

ऊन वर यायच्या आधीच आण्णाप्पा आला. खांद्यावर त्याचा नाडा होता, मागून त्याची जोडी. भरमूला बघून तो थांबला, मग हसला.

"आप्पा, दीस चुकला काय? तुमचं काल सपलं की."

भरमूनं मान हलवली. त्याला म्हणायचं होतं, आजपासून माझं मला परत पाहिजे. शब्द घशात आला आणि जिभेच्या बुडाशी बसला. मान डावीकडं ओढली गेली. डावा डोळा मिटला. ओठ पुढं आले आणि तसेच राहिले.

"म... म... मा..."

"मालूवैनीनं दिलंय मला ह्ये पानी," आण्णाप्पा म्हणाला. "कायमचं दिलंय. तुमच्यादेखत. तवा तुमी काय बोलला न्हाई. आता ती बिचारी गेली तर शबूद फिरवायचा?"

"क... का..."

"कायमचं. व्हय. त्येच म्हनतूय मी."

आण्णाप्पा वाईट माणूस होता असं नव्हे. मालूच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता. पण त्याच्या तीन पोरी लग्नाला आल्या होत्या, त्यानंही या साली सगळ्या रानात ऊस केला होता, आणि या माळाला पाण्याशिवाय दुसरं दैवत नव्हतं. त्यानं भरमूच्या बैलांचं जू सोडलं. हळूच सोडलं, बैलांच्या मानेवरून हात फिरवत. भरमू बघत उभा राहिला.

राजाबाई पदर पुढं ओढून उसाच्या कडेला आली होती. दोघा सासऱ्यांच्या मधे तिनं बोलायचं नव्हतं. तिनं खोरं जमिनीत रोवलं आणि ती त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली.

भरमूला बोलता येत नाही हे गावाला जन्मापासून माहीत होतं. स्वतःचं नाव त्याला उभ्या आयुष्यात एकदाही सरळ सांगता आलं नव्हतं. लहानपणी गुरवानं त्याच्या जिभेखाली वेखंड ठेवून बघितलं, कुणी चिमणीचं उष्टं चारलं. काही फरक पडला नाही. पण मोटेवर बसला की त्याच भरमूचा गळा मोकळा व्हायचा. नाड्यावर बसून धाव उतरताना तो गायला लागला की शब्द एकामागून एक असे यायचे, जसं थारोळ्यातून पाटात पाणी. कुठं ठेच नाही, कुठं थांबणं नाही. हे असं का होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बोलायला जावं तर दार बंद, गायला जावं तर सताड उघडं.

लग्न होऊन आल्यावर सहा महिने मालूनं त्याचा आवाज ऐकला नव्हता. मग एक दिवस ती पाणी धरायला आली आणि नवरा मोटेवर गाताना तिनं ऐकला. मग तिनं उसातूनच, त्याच चालीवर, घरात मीठ सपलंय असं गाऊन सांगितलं. त्यानं वरून गाऊन उत्तर दिलं, बाजार परवा हाय. त्या दिवसापासून त्या दोघांचा संसार मोटेवरच बोलला गेला. पोराचं नाव काय ठेवायचं, गाय विकायची का, तुझ्या भावाचा मला राग का येतो, सगळं. ती खालून एक ओळ म्हणायची, तो वरून दुसरी. वाटेनं जाणारी माणसं हसायची. "नवराबायकूची कोर्टकचेरी चाललीया," म्हणायची.

मोटेवरून उतरला की तो पुन्हा मुका. मग त्याच्या वतीनं मालू बोलायची. बाजारात, सोयरिकीत, पाटलाच्या वाड्यात. ती बोलायची आणि तो शेजारी उभा राहून मान हलवायचा. गावानं त्याची मान हलवणं म्हणजेच बोलणं धरलं होतं.

संध्याकाळी मारुतीराव पाटलाच्या सोप्यात पंच बसले. पाटील जोत्यावर, शेजारी यल्लाप्पा. यल्लाप्पा म्हातारा होता, कानडीत शिव्या द्यायचा आणि मराठीत न्याय करायचा. गावदेवी लक्ष्मीचा गुरव मष्णू खांबाला टेकून तंबाखू मळत होता.

"आण्णाप्पाचं आइकलं," पाटील म्हणाला. "आता भरमू, तू सांग. काय ठरलंतं?"

भरमू उभा राहिला. त्यानं धोतराचा सोगा मुठीत धरला.

"म... मा... मा..."

सगळे थांबले. भिंतीकडं बसलेल्या एकानं तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलले. भरमूच्या मानेची शीर दोरीसारखी उभी राहिली. घाम कानामागून खाली आला.

"मालूवैनीनं, म्हनायचंय त्येस्नी," आण्णाप्पा म्हणाला. "वैनीनं दिलं. मीबी त्येच म्हनतूय की, पाटील."

भरमूनं जोरजोरात मान हलवली. नाही म्हणून हलवली की हो म्हणून, ते सोप्यातल्या अंधुक उजेडात कुणाला कळलं नाही.

"कागुद हाय?" पाटलानं विचारलं.

"भावाभावात कसला कागुद?"

"साक्षीदार?"

"ती मेली."

पाटलानं सुपारी कातरली. "मग देवी हाय. शुक्रवारी भरमूनं देवळात बेलभंडारा उचलावा आन् काय ठरलंतं ते तीनदा बोलावं. जीभ अडली न्हाई तर पानी त्याचं. अडली तर देवीनं धरली म्हनायचं."

गावात हा जुनाच कायदा होता. बेलाचं पान आणि भंडारा हातात असताना माणूस खोटं बोलायला लागला तर देवी त्याची जीभ धरते. कुणा एकाची बैलाच्या चोरीत अशी जीभ धरली होती आणि तो गाव सोडून गेला होता. त्या माणसाचं नावही आता कुणाला आठवत नव्हतं, पण जीभ धरलेली सगळ्यांना आठवत होती.

यल्लाप्पा खाकरला. "पाटील, ह्येची जीभ तर जलमापासनं धरल्याली हाय. देवीला नवं काय काम राह्यलं?"

"खऱ्याची जीभ देवी सोडवती, यल्लाप्पा."

"मला कबूल हाय," आण्णाप्पा म्हणाला. त्यानं पायताण घातलंसुद्धा. सोप्यातून सगळ्यांत आधी तोच उठला.

घरी राजाबाईनं भाकरी वाढली. भरमूनं एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मामा, एक बोलू का?"

त्यानं वर बघितलं.

"मी ह्या घरात आल्ये तवा तुमी मोटंवर गात हुता. आत्याबाईसंगं. मी आइकलंय. एकदाबी अडला न्हाई." ती थांबली. "देवीम्होरं गाऊनच सांगा की."

त्यानं मान हलवली. नाही. वर्ष व्हायचं होतं. मेलेल्या बाईचं वर्ष होईस्तोवर घरात गाणं होत नाही, हे तिलाही माहीत होतं. पण खरं कारण ते नव्हतं. गाणं त्याला एकट्याला येतच नव्हतं. त्याची प्रत्येक ओळ खालच्या उसाकडं तोंड करून निघायची, आणि तिकडं आता ही पोर उभी असायची. सुनेनं सासऱ्याच्या गाण्याला उत्तर द्यायचं नसतं.

"रान सपल मामा," राजाबाई म्हणाली. "खालचा ऊस आणखी दोन पाळ्या कड काढनार न्हाई. आन् तीन वर्सं दुसऱ्यानं पानी वडलं की त्ये त्येचंच हुतंय. समदं गाव म्हनतंय."

भाकरीचा तुकडा त्यानं ताटात ठेवला.

दुसरी एक गोष्ट होती, ती राजाबाईला माहीत नव्हती. ती मालूला माहीत होती आणि त्याला. मालूनं पाणी कायमचं दिलं नव्हतं हे खरं. पण भरमू जे सांगायला निघाला होता, तेही खरं नव्हतं. त्याला सांगायचं होतं, एका उन्हाळ्यापुरतं दिलं होतं. तसं सांगितलं की दोन दिवस लगेच परत. प्रत्यक्षात झालं होतं ते असं. परशा पलटणीत गेला त्या महिन्यात घरात हात कमी पडले. चार दिवस मोट धरणं दोघांना झेपेना. आण्णाप्पा मालूला भेटला. दुपारी ती पाणी धरायला आली आणि उसातूनच तिनं गाऊन सांगितलं,

"दिलं मी दोन दीस, पानी धाकल्या दिराला
परशा माझा येईस्तोर, लढाईवरनं घराला"

आणि त्यानं धाव उतरता उतरता उत्तर दिलं होतं,

"दिलंस तर दिलंस मालू, तुझ्या तोंडी माझं बोलनं
मी धावंवरला गडी, माझं खालीवर चालनं"

परशा येईपर्यंत. तेव्हा दोघांना वाटलं होतं, दिवाळीला येईल.

ती गेली, म्हणजे तिचा शब्दही संपला, असं भरमूनं मनाशी धरलं होतं. ऊस पिवळा पडताना बघितल्यावर हे धरणं सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी मोट आण्णाप्पाची होती. भरमू बैल घेऊन ओढ्याकडं गेला. तिथं कुणी नव्हतं. बैल पाण्यात उतरले, तो काठावर बसला. त्यानं आधी नुसती चाल गुणगुणली. सहा महिन्यांनी छातीतून तो आवाज आला तेव्हा नंद्या बैलानं पाण्यातून तोंड वर काढलं आणि एक पाऊल मागं घेतलं. भरमूला रडू आलं. त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"दिलं तिनं दोन दीस, पानी धाकल्या दिराला..."

पहिली ओळ सरळ आली. दुसरी त्यानं रात्रभर जुळवली होती. फक्त एका उन्हाळ्याला. तो त्या ओळीपाशी आला आणि तोंडातून निघालं, "परशा माझा येईस्तोर." त्यानं मांडीवर थाप मारली. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो उन्हाळ्यावर आला, पण तिथं गाणं सोडून नुसता शब्द राहिला, आणि शब्द म्हटल्यावर ओठ चिकटले. दहाव्या बाराव्या वेळेला एकदा नीट जमलं. मग आणखी एकदा.

मागं पाचोळा वाजला. राजाबाई धुण्याचं बोचकं घेऊन उभी होती. कधीची उभी होती ते त्याला कळेना.

"मामा," ती म्हणाली. "आत्याबाईंनी आसंच सांगितलंतं काय? त्ये येईस्तोर?"

भरमूनं खाली बघितलं. ते पुरलं.

ती बोचक्यावर बसली. बराच वेळ ती बैलांच्या पोटावरून घसरणाऱ्या पाण्याकडं बघत होती.

"तुमी उन्हाळाच म्हना," ती शेवटी म्हणाली. "खोटं तर खोटं. माझ्या माथ्यावर बसू दे पाप. पर त्येंचं नाव ह्यात घालू नका. पानी आन् त्ये, ह्ये दोन्ही एका दाव्याला बांधू नका."

तिचा आवाज मोठा नव्हता. भरमूनं तिच्याकडं बघून मान हलवली. या वेळी हो म्हणून.

पुढचे दोन दिवस तो ओढ्यावर गेला. उन्हाळा म्हणायची सवय जिभेला लागली. पाच वेळा म्हटलं तर चार वेळा बरोबर येऊ लागलं.

शुक्रवारी दुपारी लक्ष्मीच्या देवळात गाव जमलं. आत पुरुष, पायरीखाली लिंबाच्या सावलीत बाया. राजाबाई सगळ्यांच्या मागं होती. मष्णू गुरवानं भरमूला आंघोळ करून ओल्या धोतरानं यायला सांगितलं होतं. फरशी तापलेली होती आणि त्याच्या धोतरातलं पाणी पायाखाली साचत होतं. मष्णूनं त्याच्या उजव्या तळहातावर बेलाची तीन पानं ठेवली, वर चिमूटभर भंडारा टाकला.

"नाव सांग आन् बोल," पाटील म्हणाला.

नाव आधी सांगायचं होतं. त्याचा भरमूनं विचार केला नव्हता.

"भ..."

ओठ मिटले ते उघडेनात. मान ओढली गेली. त्या हिसक्यानं भंडारा थोडा फरशीवर सांडला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सांडला बघ." देवळात गरम होत होतं. यल्लाप्पानं जमिनीकडं बघितलं. आण्णाप्पानं हात जोडले होते आणि डोळे मिटले होते.

"भ... भ..."

"जाऊ दे, नाव ठावं हाय देवीला," यल्लाप्पा म्हणाला. "म्होरं बोल."

"थांबा की," पाटील म्हणाला. "अडलाय का न्हाई बघू द्या."

भरमूनं डोळे मिटले. विहिरीचं चाक कुरकुरल्याचा आवाज त्यानं मनात आणला, मांडीखाली नाडा ताणलेला आणला. आणि तो गायला लागला. आवाज घोगरा निघाला, पण दुसऱ्या शब्दापाशी मोकळा झाला.

देवळातल्या कित्येकांनी तो आवाज लांबून, वाटेवरून ऐकला होता. चार हातांवरून कुणीच ऐकला नव्हता.

"दिलं तिनं दोन दीस, पानी धाकल्या दिराला..."

ओळ संपली तिथं तो नेहमी थांबायचा. बैल मागं फिरेपर्यंत, एक श्वासभर. तेवढ्या श्वासात त्याला उसातली मालू दिसली. कमरेला पदर खोचलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात खोरं. ती तोंड वर करून म्हणत होती ते त्यानं जसंच्या तसं म्हटलं.

"परशा माझा येईस्तोर, लढाईवरनं घराला..."

म्हणून झाल्यावर त्याला कळलं काय म्हटलं ते. त्यानं डोळे उघडले.

"ह्यो काय तमाशा हाय?" पाटील म्हणाला. "शपत घ्याला सांगितली, गानी म्हनाला न्हाई. घरात वरीस झालं न्हाई बायकूला."

"पाटील," मष्णू म्हणाला, "देवीची आरती आपुन गाऊनच म्हनतूय. गायल्यालं तिला चालत न्हाई म्हना, उद्यापासनं मी नुसतं बोलून दाखवतो."

एकदोघं हसले. यल्लाप्पानं हात वर केला. "जीभ अडली का? न्हाई. मग झालं. भरमू, आणखी दोनदा."

आणखी दोनदा. आता उन्हाळा म्हटलं असतं तर सगळ्यांच्या समोर शब्द बदलला असता. भरमूनं दाराकडं बघितलं. लिंबाखाली बायांच्या मागं राजाबाईचा हिरवा पदर होता. तोंड दिसत नव्हतं. त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. दोन्ही वेळा एकही अक्षर अडलं नाही.

"म्हंजे कायमचं न्हवतं," यल्लाप्पा आण्णाप्पाकडं वळला. "परशा येईस्तोर."

आण्णाप्पानं डोळे उघडले. क्षणभर तो गोंधळलेला दिसला. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "देवीम्होरं म्हटलंय म्हंजे खरंच आसंल," तो म्हणाला. "मला कबूल हाय. परशा येईस्तोर."

"त्या दिशी तर कायमचं म्हनत हुतास."

"आता काय म्हनायचं, यल्लाप्पाआप्पा. लढाई हाय. पोर कवा येतंय..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"न्हाई आला तर?" भिंतीकडून कुणीतरी विचारलं.

पाटलानं घसा साफ केला. त्याला हे बोलणं आवडलं नव्हतं, पण निवाडा अर्धा ठेवता येत नाही.

"आला की दोन दीस भरमूचं," तो म्हणाला. "न्हाई आला तर मग आण्णाप्पाचं ऱ्हायलं. लिवायचं काय कारन न्हाई, समद्यांनी आइकलंय."

मष्णूनं भरमूच्या तळहातावरची पानं उचलली. भंडाऱ्यानं हात पिवळा झाला होता. भरमू पायरी उतरून खाली आला तेव्हा लिंबाखालच्या बायांनी वाट दिली. राजाबाई आधीच निघाली होती. ती झपझप चालत होती, सरळ रस्त्यानं नाही तर रानातून, ढेकळांवरून.

घरी तिनं चूल पेटवली. भाकरी केली. वाढली. तो जेवायला बसला तेव्हा ती दाराशी पाठमोरी उभी होती.

"मी म्हनलंतं न्हवं, मामा," ती म्हणाली.

त्याला सांगायचं होतं की पोरी, मी म्हटलं नाही, ते तिनं म्हटलं, माझ्या तोंडी तेवढंच होतं. हे सांगायला किती वेळ लागला असता ते त्याला माहीत होतं. त्यानं भाकरी मोडली आणि खाल्ली.

खालच्या अंगाचा ऊस वैशाखात गेला. राजाबाईनं तो विळ्यानं कापून बैलांपुढं टाकला. उरलेल्या दोन दिवसांत ती पाणी धरायची आणि भरमू मोट हाकायचा. गावात मात्र त्याला नवीन त्रास सुरू झाला. वाटेवर भेटेल तो म्हणायचा, "भरमूआप्पा, गाऊन सांगा की." पोरं मागं लागायची. दुकानात त्यानं गुळाकडं बोट दाखवलं तरी दुकानदार म्हणायचा, गा, मग देतो. त्यानं दुकानात जाणं सोडलं. बाजाराला राजाबाई जाऊ लागली. मोटेवरही त्यानं तोंड मिटलं. त्या गाण्यात आता फक्त एकच कडवं उरलं होतं आणि ते म्हणायची त्याची छाती होत नव्हती.

डाक बुधवारी निपाणीहून यायची. डाकवाला चावडीच्या कट्ट्यावर बसून नावं पुकारायचा. राजाबाई पूर्वी पदर पोटाशी धरून तिथं लांब उभी राहायची. निवाड्यानंतरच्या पहिल्या बुधवारी ती गेली, तर आण्णाप्पा कट्ट्यावर बसलेला होता. त्याला डाकेचं काही काम नव्हतं. दुसऱ्या बुधवारीही तो होता. "आलं का गं पोरी काय?" त्यानं विचारलं, आणि खरंच मायेनं विचारलं, कारण परशाला त्यानंच खांद्यावर घेऊन वाढवलं होतं. पण ती डाक संपायच्या आधीच घरी परतली. तिसऱ्या बुधवारी ती जायला तयार होईना.

"तुमी जावा मामा," ती म्हणाली. "मला त्येंच्या तोंडाकडं बगवत न्हाई. बोलत्यात एक आन् डोळं दुसरंच इचारत्यात."

भरमू गेला. ऊन रणरणत होतं. कट्ट्यावर चारपाच माणसं होती, आणि आण्णाप्पा होता. डाकवाल्यानं तीन नावं पुकारली. मग भरमूकडं बघून त्यानं पिशवीतून एक पाकीट काढलं. वर पलटणीचा शिक्का होता. भरमूनं ते दोन्ही हातांनी घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. डाकवाल्यालाच ते फोडायला लागलं. त्यानं एका कडेनं फाडलं, आतला कागद उलगडला आणि तो मनातल्या मनात वाचू लागला. ओठ हलत होते. कागद लहान होता. तेवढ्या मजकुराला लागू नये इतका वेळ डाकवाला वाचत राहिला. मग त्यानं भरमूच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकून हळू आवाजात चार शब्द सांगितले आणि कागद त्याच्या हातात परत दिला.

आण्णाप्पा कट्ट्यावरून उतरून जवळ आला. बाकीचेही उठले.

"आप्पा," आण्णाप्पा म्हणाला. "काय लिवलंय? परशा कसा हाय?"

भरमूनं तोंड उघडलं.

"प..."

मान ओढली गेली. डोळा मिटला. कागद मुठीत चुरगळला.

"प... प..."

कुणी हसलं नाही. कुणी गा म्हटलं नाही. आण्णाप्पानं त्याच्या जागी शब्द पुरा केला नाही. तो भरमूच्या ओठांकडं बघत, श्वास धरून, त्याचं बोलणं संपायची वाट बघत उन्हात उभा राहिला.